प्रत्येक नकार म्हणजे देवाची इच्छा नव्हे



मुलाला मुलाखतीतून परत पाठवले, मुलीचे ठरत आलेले लग्न फिसकटले, बँकेने कर्ज नाकारले, की आपल्या घरांत एक वाक्य तयारच असते: "देवाची इच्छा नव्हती." आम्ही धर्मशिक्षणाचे वर्ग घेणारी माणसे तर हे वाक्य फारच सहज वापरतो. समोरच्याचे डोळे भरलेले असतात, आपल्याजवळ द्यायला दुसरे काही नसते, आणि या वाक्याने निदान बोलणे तरी संपते. पण ज्याला आपण देवाची इच्छा म्हणतो ती पुष्कळदा कुणाची तरी घाई असते, कुणाची नावड असते, किंवा आपल्याच कामातली न दिसलेली चूक असते. ती देवाच्या नावावर खपवू नये, असे आमचे मत आता पक्के झाले आहे. हे आम्हाला एका शिवणकाम करणाऱ्या बाईंनी शिकवले, आणि शिकवताना आमचाच कान धरला.

आम्ही राहतो हैदराबादेत. १९५६ पर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्यातच होता, त्यामुळे मराठी माणसाला हे शहर परके नाही. आमच्या धर्मग्रामातही मराठी बोलणारी काही घरे आहेत. मिस्सा तेलुगूत किंवा इंग्रजीत, रात्रीची रोझरी मात्र घरी मराठीत, अशी आमची रीत. त्यातल्याच एका घरातल्या या ताई. जालन्याकडच्या, लग्न होऊन इथे आल्या. त्यांना विचारूनच हे लिहीत आहोत. नाव मात्र घालू नका म्हणाल्या, म्हणून नुसते ताई म्हणू.

ताई फॉल-पिको करत, ब्लाऊज शिवत, जून महिन्यात शाळेचे गणवेश शिवत. साधारण बारा वर्षांपूर्वी शेजारची मुलगी कुचिपुडी शिकू लागली. वर्गाचा पहिला कार्यक्रम आला. तयार पोशाख महाग, म्हणून तिच्या आईने घरातली एक रेशमी साडी ताईंच्या हातात दिली आणि म्हणाली, "अक्का, तुम्हीच शिवा." ताईंनी दुकानात टांगलेला एक पोशाख लांबून पाहिला आणि शिवला.

ज्यांनी हा पोशाख नुसता रंगमंचावर पाहिला आहे त्यांना तो साडीच वाटतो. तो साडीसारखा दिसतो, पण असतो तुकड्यातुकड्यांचा. आत पायजमा, वर अंगाबरोबर बसणारा ब्लाऊज, कमरेला मागून वेढणारे कापड, छातीवरून जाणारा पदर, आणि पुढे निऱ्यांचा पंखा. नर्तकी गुडघे बाजूला वळवून अर्ध्या बैठकीत बसली की पंखा उघडतो, उभी राहिली की मिटतो. या अर्ध्या बैठकीला अरमंडी म्हणतात. नाच बराचसा तिच्यातच चालतो. साडीचा काठ कुठे यावा, पदराचे नक्षीकाम कुठे दिसावे, हे कात्री लावण्याआधी ठरवावे लागते. रेशमाला एकदा कात्री लागली की परतीची वाट नाही.

ताईंनी शिवलेला पोशाख तालमीत पहिल्याच अरमंडीला मांडीजवळ उसवला. पंखा अर्धाच उघडला आणि तिरका झाला. नृत्य शिकवणाऱ्या बाई मुलीच्या आईला सगळ्यांसमोर म्हणाल्या, "घरगुती टेलरकडे असली कामं देतात का?" पोशाख परत आला. साडीचे पैसे ताईंनी दोन हप्त्यांत भरून दिले.

त्या रविवारी मिस्सेनंतर त्या आमच्यापाशी आल्या. आम्ही आमचे ठरलेले वाक्य काढले. "ताई, कदाचित देवाची इच्छा नसेल. फादरांशी बोलतो, शाळेत एखादं काम निघतंय का बघू." त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "देवाची इच्छा नाही की माझं माप चुकलं, ते अजून कळलेलं नाही. उसवून बघते."

आणि त्यांनी खरोखरच उसवून पाहिले. आधी स्वतःचा बिघडलेला पोशाख. मग एका मुलीकडून तिला लहान झालेला, टाकून द्यायला काढलेला चांगल्या कारागिराच्या हातचा पोशाख मागून आणला आणि त्याचा टाकान् टाका सोडवला. प्रत्येक तुकडा वर्तमानपत्रावर ठेवून आखला. पायजम्याच्या जोडाला कापड तिरके का लावले आहे, पंख्याच्या निऱ्या वर पट्टीत कशा धरल्या आहेत, वाढत्या मुलीसाठी आत किती कापड राखले आहे, अस्तर रेशमाचे न घेता सुती का घेतले आहे, हे सगळे त्यांना त्या जुन्या पोशाखाने सांगितले. आपली मूळ चूकही तिथेच सापडली. त्यांनी मुलीचे माप उभी करून घेतले होते, आणि मुलगी नाचणार होती अर्धी बसून.

आम्हाला त्या दिवशी वाटले होते, आपण सांत्वन केले. प्रत्यक्षात आम्ही त्यांना ती चूक शोधण्यापासून परावृत्त करत होतो. देवाची इच्छा नव्हती असे त्यांनी मानले असते तर ती साडी ट्रंकेत गेली असती आणि माप कधीच सापडले नसते.

पुढची दोन वर्षे नकारांचीच होती. ताई पिशवीत एक नमुन्याचा पोशाख घेऊन नृत्यवर्गांच्या दारात उभ्या राहत. कुणी म्हणे आमचा कारागीर ठरलेला आहे, कुणी म्हणे नंतर या. एका ठिकाणी गळ्यातला क्रूस बघून विचारले, "तुम्हाला यातलं काय कळणार?" ताई सांगतात, त्या प्रत्येक नकाराला घरी येऊन एकच प्रश्न विचारत: यात माझ्या कामाबद्दल काही आहे का? असेल तर वहीत लिहायचे, नसेल तर दारातच सोडून यायचे. एका गुरूंनी नमुना हातात घेऊन पंखा लांब आहे, ताटाच्या कडेवर नाचताना पायात येईल, असे सांगितले. कुचिपुडीत पितळी ताटाच्या कडेवर पाय रोवून नाचण्याचा तरंगम् नावाचा प्रकार आहे. ते वहीत गेले. क्रूसाबद्दलचे बोलणे वहीत गेले नाही.

बंधूभगिनींनो, आत्मपरीक्षण म्हणतात ते आम्ही वर्गात कितीतरी वेळा शिकवले आहे. पण नकारांची अशी निवड करायला आम्ही कुणाला शिकवले नव्हते. सगळेच नकार मनाला लावून घेणारा खचतो. सगळेच झटकून टाकणारा शिकत नाही.

नवे काम मिळेना तेव्हा ताईंनी दुरुस्ती मागितली. कार्यक्रमाच्या दिवशी हूक तुटतो, नाडी आत सरकते, गेल्या वर्षीचा ब्लाऊज होत नाही, आणि त्या वेळी ठरलेला कारागीर फोन उचलत नाही. ताई सुई-दोरा, कात्री, हूक-बटणांची डबी घेऊन रंगभूषेच्या खोलीत एका स्टुलावर बसू लागल्या. शहरातले रवींद्र भारती हे सभागृह १९६१ पासून उभे आहे. तिथल्या रंगमंचासमोरच्या खुर्चीत ताई कित्येक वर्षे बसल्या नव्हत्या, पण मागची खोली त्यांना पाठ होती. मुलीच्या अंगावरच ब्लाऊज शिवून द्यायचा, आणि नाच संपला की तो तिथेच उसवून द्यायचा. ज्यांनी नवे काम नाकारले होते त्यांच्याच विद्यार्थिनींना त्यांनी असे शिवून दिले. विश्वास तिथे बसला. पहिले मोठे काम आले ते ज्यांनी पंखा लांब म्हटले होते त्याच गुरूंकडून, एकदम आठ मुलींचे.

हे सारे ऐकताना आम्हाला निर्गमाचा अठ्ठाविसावा अध्याय आठवतो. आपण तो बहुधा घाईने उलटतो, कारण त्यात कापड, रंग आणि मापेच फार. महायाजक अहरोनाची वस्त्रे कशी करावीत हे देव मोशेला तिथे सांगतो. ती गौरवासाठी आणि शोभेसाठी असावीत, आणि ती करणाऱ्यांना ज्ञानाचा आत्मा आपणच दिला आहे, असेही सांगतो. झग्याच्या गळ्याच्या कडेला विणलेली पट्टी लावावी, म्हणजे तो फाटणार नाही, इतके बारीक त्यात आहे. खालच्या घेराला आळीपाळीने डाळिंबे आणि सोन्याची घुंगरे लावायची, म्हणजे अहरोन पवित्रस्थानात जाता-येता त्यांचा नाद ऐकू येईल. ताईंना आम्ही हा अध्याय वाचून दाखवला तेव्हा त्या गळ्याच्या पट्टीपाशीच थांबल्या. "बघा, देवालासुद्धा माहीत आहे गळा कुठून फाटतो ते." आम्ही इतकी वर्षे हा अध्याय शिकवत होतो, आम्हाला ते कधी दिसले नव्हते.

आता आमच्या दोषाकडे येतो. ताईंना बाहेरून नकार मिळत होते तेव्हा आतून, म्हणजे आपल्या चर्चच्या पायऱ्यांवरून, वेगळेच बोलणे चालू होते. चर्चला येणाऱ्या बाईने नाचणाऱ्यांचे कपडे शिवावेत का? देवळातल्या नाचाचे कापड आपल्या घरात कशाला? हे बोलणाऱ्यांना आम्ही अडवले नाही. उलट एक-दोनदा आमचीही मान हलली.

त्यांना, आणि स्वतःला, आज काही गोष्टींची आठवण करून द्यावीशी वाटते. कराराच्या कोशापुढे दावीद राजा तागाचे एफोद नेसून सारी शक्ती लावून नाचला, आणि खिडकीतून पाहून नाक मुरडले ते मीखलने. शास्त्र त्या प्रसंगात मीखलच्या बाजूने उभे राहत नाही. आपल्या काळात यायचे तर, परदेशातून आलेले एस.व्ही.डी. संघाचे फादर जॉर्ज प्रॉक्श यांनी मुंबईत अंधेरीच्या ज्ञान आश्रमातून शुभवर्तमान भारतीय संगीत-नृत्यात मांडले. त्याच संघाचे फादर फ्रान्सिस बार्बोझा स्वतः भरतनाट्यम शिकले आणि ख्रिस्ती विषयांसाठी त्यांनी नव्या हस्तमुद्रा बसवल्या. हे दोघेही धर्मगुरूच होते. त्यांच्या नर्तकांच्या अंगावरचे कपडेही कुणीतरी शिवलेच असतील.

आणि हे काम हलके आहे असे वाटणाऱ्यांसाठी आपल्या कोल्हापूरच्या भानू अथैया. १९२९ साली जन्मलेल्या या मुलीचे वडील ती लहान असतानाच गेले. मुंबईच्या जे.जे. कलाशाळेत तिने सुवर्णपदक मिळवले, १९५३ मध्ये प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपबरोबर तिची चित्रे मांडली गेली. चित्रकार म्हणून पुढे जाण्याची वाट समोर असताना ती कापडाकडे वळली. १९६६च्या 'आम्रपाली' या चित्रपटात वैजयंतीमालाने राजनर्तकी साकारली, तिच्या पोशाखांसाठी भानूताईंनी अजिंठ्याची भित्तिचित्रे अभ्यासली. पुढे १९८३ मध्ये 'गांधी' चित्रपटाच्या वेशभूषेसाठी त्यांना जॉन मोलो यांच्याबरोबर ऑस्कर मिळाले. ऑस्कर मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. त्या वेशभूषा रेखाटणाऱ्या होत्या, आमच्या ताई शिवणाऱ्या. दोन्ही कामे एक नव्हेत. पण रेखाटलेले कागदावरून अंगावर येते ते शिवणाऱ्या हातांनी, आणि त्या हातांची नावे पडद्यावर क्वचितच येतात. २०१०च्या डिसेंबरात इथे गच्चीबावलीच्या मैदानावर अडीच हजारांहून अधिक नर्तकांनी एकाच वेळी कुचिपुडी सादर केले, तेव्हा त्या विक्रमाची बातमी सगळीकडे झाली. तितके पोशाख कुणाच्या मशीनखालून गेले असतील, हा प्रश्न आम्हाला ताईंना ओळखू लागल्यावर पडला.

यापुढची गोष्ट सांगताना आम्हाला लाज वाटते, पण ती वगळली तर बाकीचे सगळे खोटे ठरेल.

एका वर्षी नाताळच्या कार्यक्रमात वीस मुलींचा नाच बसवला. तोवर ताईंचे नाव झाले होते, म्हणून समितीने त्यांनाच पोशाख सांगितले. समितीत आम्ही होतो. कापडाचे पैसे दिले. शिलाईचा विषय निघाला तेव्हा आमच्यापैकीच कुणीतरी म्हणाले, "ही तर देवाची सेवा आहे." ताईंनी महिनाभर रात्री जागून वीस पोशाख दिले. त्याच कार्यक्रमाचा हिशेब आम्ही नंतर वहीत पाहिला. मंडपवाल्याचे पैसे पूर्ण दिले होते, ध्वनिवर्धकवाल्याचे पूर्ण, दिव्यांच्या माळांचेही पूर्ण. सेवा फक्त ताईंच्या वाट्याला आली होती.

पुढच्या वर्षी आम्ही पुन्हा गेलो, तेव्हा ताईंनी हात जोडून नाही म्हटले. "सर, माझ्याकडे दोघीजणी कामाला आहेत. माझी सेवा मी करीन, पण त्यांची मजुरी मी सेवेत कशी धरू?"

आम्ही रागावलो. नाव झाले तशी डोक्यात हवा गेली, असेही म्हणालो. आणि घरी आल्यावर लक्षात आले की आज नकार आपल्याला मिळाला आहे, आणि ताई नकाराचे जे करतात ते आपण करून पाहायला हवे. यात आपल्या कामाबद्दल काही आहे का? होते. अनुवादाचा चोविसावा अध्याय सांगतो की गरीब मजुराची मजुरी सूर्य मावळायच्या आत द्यावी, कारण त्याचा जीव तिच्यावर लागलेला असतो. याकोबाच्या पत्रात तर शेतमजुरांची अडवून ठेवलेली मजुरीच ओरडते आणि ती हाक देवाच्या कानी जाते. हे दोन्ही उतारे आम्ही मुलांकडून पाठ करून घेतले होते.

मत्तयाच्या पंधराव्या अध्यायातल्या कनानी बाईचे प्रवचन आपण अनेकदा ऐकले आहे. लेकीसाठी ती प्रभूच्या मागे ओरडत येते. आधी उत्तरच मिळत नाही, मग नकार मिळतो, मग कठोर शब्द. ती हलत नाही, आणि शेवटी प्रभू तिच्या विश्वासाला मोठा म्हणतो. प्रवचनात आपण नेहमी त्या बाईच्या जागी स्वतःला बसवतो. पण त्या गोष्टीत शिष्यही आहेत. ही आपल्यामागे ओरडते आहे, हिला पाठवून द्या, असे ते प्रभूला सांगतात. इतकी वर्षे आम्ही ताईंच्या गोष्टीत त्या शिष्यांच्या जागी होतो. पाठवून देण्याची आमची भाषा तेवढी गोड होती: देवाची इच्छा, आणि देवाची सेवा.

२०२०च्या टाळेबंदीत कार्यक्रम थांबले, नृत्यवर्ग बंद पडले, शिवून तयार असलेले पोशाख न्यायला कुणी आले नाही. ताईंनी मास्क शिवले आणि त्या दोघींची मजुरी जमेल तशी चालू ठेवली. आजही सगळे सुरळीत आहे असे नाही. भाड्याने पोशाख देणारी दुकाने वाढली आहेत, ऑनलाइन तयार माल येतो, आणि नकार अजूनही मिळतात. वहीची पाने भरतच आहेत.

म्हणून आमचे सांगणे इतकेच आहे. धर्मग्रामातल्या कुठल्याही कारागिराकडून चर्चसाठी काम घ्यायचे तर आधी मजुरी ठरवा आणि ती कार्यक्रमाच्या दिवशीच द्या. त्याला त्यातले काही दान करायचे असेल तर ते त्याने स्वतःच्या हाताने दानपेटीत टाकावे. आपण परस्पर कापून घेऊ नये. नाताळच्या आभाराच्या यादीत देणगीदारांबरोबर शिवणाऱ्यांचेही नाव घ्या. आणि कुणी नकार घेऊन दारात आले तर लगेच देवाचे नाव घेऊ नका. आधी बसवा, पाणी द्या, आणि विचारा: नेमके काय म्हणाले? मिळून उसवून पाहू.

यापोची दुर्कस मरण पावली तेव्हा तिच्यासाठी कुणी भाषण केले नाही. विधवांनी रडत रडत पेत्राला तिने शिवलेले अंगरखे आणि कपडे दाखवले. आपल्या धर्मग्रामातली दुर्कस आपल्यात जिवंत आहे, मशीनवर बसली आहे. तिचे काम हातात घेऊन बघायला आपण तिच्या मरणाची वाट पाहू नये.

प्रार्थना करू या:

हे प्रभो, अहरोनाच्या झग्याचा गळा फाटू नये म्हणून तू काळजी घेतलीस. आमच्यातल्या कष्टकरी हातांची काळजी घ्यायला आम्हालाही शिकव. आमची चूक दाखवणारा नकार ऐकण्याची नम्रता दे, नुसता तुच्छतेचा नकार दारात सोडून येण्याचे बळ दे. आणि आम्ही स्वतः कुणाला नाही म्हणतो तेव्हा तुझे नाव पुढे करण्यापासून आम्हाला आवर. प्रभू येशूच्या नावाने मागतो. आमेन.